मुलगा म्हणतो, गाडीने सोडतो

प्रश्न : मी ६१ वर्षांची, जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. यंदा कार्तिकीनंतर ओंकारेश्वरहून पायी नर्मदा परिक्रमा उचलायची ठरवली आहे, तीही एकटीने. चालायची भीती नाही. रोज पहाटे कॅनॉलच्या कडेने आठ-नऊ किलोमीटर होतात. पण आजवर एकटी गेले ती फार तर संभाजीनगरपर्यंत. ओंकारेश्वरापर्यंत पोहोचायचं कसं आणि मधली रात्र कुठे काढायची, तिथेच गाडं अडलंय. मुलगा म्हणतो, आई, गाडीने थेट घाटावर सोडतो. सून म्हणते, सोबत मिळाली तरच जा. काय करू?
— एक वाचक, सेलू तालुका, जि. परभणी

उत्तर : ताई, नर्मदे हर.

चालण्याचं तुम्ही काहीच विचारलं नाही, पोहोचण्याचं विचारलंत. म्हणून आधी माझी फजिती सांगतो.

मी एसटीत एकतीस वर्षं कंडक्टर होतो. ‘शेवटची गाडी गेली बाबा, आता सकाळी’ हे वाक्य मी किती लोकांना ऐकवलं असेल, मोजदाद नाही. आणि निवृत्तीनंतर स्वतः परिक्रमेला निघालो तेव्हा रात्री खंडव्याला उतरून नेमका तोच शहाणपणा विसरलो. स्टेशनाबाहेर इंदूरकडे जाणारी एक जीप उभी होती. ड्रायव्हर म्हणाला, बैठो बाबाजी, रास्ते में ही है. रस्त्यातच होतं ते मोरटक्का. ओंकारेश्वरचा फाटा तिथून फुटतो आणि पुढे बारा किलोमीटर उरतात. रात्री बारा वाजता मला फाट्यावर उतरवून जीप पुलाकडे निघून गेली. बंद टपरीच्या बाकड्यावर, पिशवी पोटाशी धरून, कुत्र्यांच्या पहाऱ्यात सकाळ केली.

हे काहीच नाही. खरी चूक दुसऱ्या दिवशी झाली. डोळ्यांवर झोप, अंगात कणकण, आणि डोक्यात एकच, की आजचा मुहूर्त चुकायला नको. थेट गोमुख घाट गाठला, स्नान केलं, गुरुजींनी संकल्प सांगितला, कुपीत मैयाचं, म्हणजे नर्मदेचं, जल भरलं. मग मान वर केली तर समोर ओंकारेश्वराचा कळस! दर्शन राहिलं होतं. मंदिर मांधाता बेटावर, आणि बेटाभोवती पाणी. संकल्प सुटल्यावर नर्मदेची धार ओलांडायची नाही, हा तर परिक्रमेचा पहिला नियम. डोळ्यांसमोर झुलता पूल, त्यावरून पोरंटोरं भेळ खात चाललेली, आणि मी अलीकडे हात जोडून उभा. अलीकडच्या तीरावरच्या ममलेश्वराचं दर्शन घेतलं आणि चालू लागलो. ओंकारेश्वर भेटला तो पाच महिन्यांनी, परत आल्यावर.

म्हणून ताई, माझा आग्रह इतकाच : ओंकारेश्वरला दिवसाउजेडी पोहोचा, आणि संकल्पाच्या दोन दिवस आधी पोहोचा. बाकी सगळं त्या दोन ओळींवरून ठरवायचं.

आता गाडीचं. परभणीहून तुमच्यासाठी सरळ गाडी म्हणजे सचखंड एक्सप्रेस. नांदेडहून सकाळी सुटते, रोज असते, आणि जालना, संभाजीनगर, मनमाड, भुसावळ करत कुठेही न बदलता खंडव्याला नेते. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं (नोव्हेंबर २०२४ पासून हा नियम आहे, पूर्वीचे १२० दिवस डोक्यात ठेवू नका). नांदेडच्या हजूरसाहिब गुरुद्वाऱ्याचे यात्रेकरू याच गाडीने परततात, त्यामुळे ती कधी रिकामी नसते. वेटिंगच्या तिकिटावर निघायचं नाही. ४५ वर्षांवरच्या बाईला एकटीने प्रवास करताना खालच्या बर्थचा वेगळा कोटा असतो, तो मुलाला तिकीट काढताना निवडायला सांगा. ज्येष्ठांची सवलत मात्र रेल्वेने मार्च २०२० मध्ये बंद केली ती केलीच.

एक डबा आणि पेला हाताशी ठेवा. या गाडीला वाटेतल्या काही स्टेशनांवर लंगर मिळतो. परभणी, जालना, संभाजीनगरला सेवेकरी बादल्या घेऊन डब्याच्या दाराशी येतात. जुने प्रवासी आधीच भांडी घेऊन उभे असतात. आपल्याला लाज वाटते, मलाही वाटली. सरकारी नोकरी केलेल्या माणसाला हात पुढे करणं जड जातं. पण पुढचे पाच महिने सदाव्रतावर (वाटेत मिळणाऱ्या कोरड्या शिध्यावर) आणि भोजनप्रसादीवर काढायचेत. तेव्हा ती लाज जालन्याच्या आसपास उतरवलेली बरी. मागायचं नाही, पुढे आलं तर नाही म्हणायचं नाही.

सचखंड खंडव्याला रात्रीच टाकते, आणि तुमची अडचण खरी तिथेच आहे. दोन वाटा. भुसावळ-जळगावकडे कुणी नात्याचं असेल तर भुसावळलाच संध्याकाळी उतरा, रात्र त्यांच्याकडे काढा आणि सकाळच्या गाडीने खंडवा गाठा. सेलूच्या माणसाचं खानदेशात कुणीच नाही असं सहसा होत नाही, आठवून बघा. नसेलच कुणी, तर खंडव्याला उतरा, पण रात्री स्टेशनाबाहेर पडू नका. रेल्वेची विश्रांतीची खोली तिकिटाच्या पीएनआरवर आधी नोंदवता येते. ती नाही मिळाली तर महिलांचं प्रतीक्षालय. सकाळी सवड असली तर धूनीवाले दादाजींच्या समाधीला जाऊन या. तिथली धुनी अखंड पेटती असते. मग बस.

मध्य प्रदेशात आपल्यासारखं एसटी महामंडळ शोधू नका, बस खासगी असतात. खंडव्याहून सनावदमार्गे ओंकारेश्वर सत्तरएक किलोमीटर. चढण्याआधी कंडक्टरला एकच विचारा : ‘ओंकारेश्वर तक जाएगी, या मोरटक्का उतारोगे?’ उत्तर गोलगोल आलं की दुसरी बस. आमच्या कंडक्टर लोकांचं गोल उत्तर मला बरोबर ओळखू येतं, त्या रात्रीचा अपवाद सोडून.

नकाशात ‘ओंकारेश्वर रोड’ नावाचं स्टेशन दिसेल. ते मोरटक्क्यालाच आहे, आणि त्या मार्गावर मीटरगेजचं ब्रॉडगेज करण्याचं काम चाललेलं, तेव्हा त्याच्या भरवशावर राहू नका. माझ्या तरुणपणी पूर्णेहून बसलं की हिंगोली, वाशीम, अकोला करत मेळघाटातून छोटी गाडी थेट तिथे उतरवायची. पूर्णा-अकोला रूळ मोठे झाले, मेळघाटातलं काम वाघांच्या जंगलापायी रखडलं आणि मराठवाड्याची ती सरळ वाट मोडली. असो.

एसटीने जायचा विचार असेल तर बाईमाणसाला मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे खरं, पण ते राज्याच्या हद्दीपर्यंतच. संभाजीनगर, जळगाव, मग पुढे बदलत बदलत जायचं, म्हणजे अर्ध्या तिकिटाच्या मोहात अख्खी दमणूक. मी एसटीचं मीठ खाल्लंय, तरी सांगतो, रेल्वेने जा.

दिवस कोणता? कार्तिकी एकादशी ते पौर्णिमा ओंकारेश्वरला पाय ठेवायला जागा नसते. चातुर्मासात थांबलेले परिक्रमावासीही तेव्हाच उठतात. तुम्ही पौर्णिमा होऊन दोन-तीन दिवसांनी पोहोचा. खोली मिळेल आणि घाटावर गुरुजींनाही घाई नसेल. शेगावच्या गजानन महाराज संस्थानाचं भक्तनिवास तिथे आहे, आपली मराठी माणसं बहुतेक तिथेच उतरतात. काही धर्मशाळांत एकट्या माणसाला खोली द्यायला का-कू करतात. त्यामुळे निघण्याआधी फोन करून ‘एकटी आहे, परिक्रमेला आले आहे’ हे स्पष्ट सांगा. मूळ आधार कार्ड, त्याच्या चार प्रती आणि पासपोर्ट आकाराचे फोटो वरच्याच कप्प्यात हवेत.

पहिला दिवस झोपेचा. दुसऱ्या दिवशी पूल ओलांडून ओंकारेश्वर, मग अलीकडे येऊन ममलेश्वर. दोन्ही मिळून एक ज्योतिर्लिंग मानतात. औंढा, परळी, वेरूळ तुमचं झालेलं असेलच. तिसऱ्या दिवशी सकाळी संकल्प, आणि मैयाला उजव्या हाताला ठेवून दक्षिण तटाने पश्चिमेकडे चालायला लागायचं.

सूनबाईंना सांगा, सोबत सेलूत शोधायची नसते. त्या दोन दिवसांत भक्तनिवासाच्या जेवणाच्या रांगेत नाशिकच्या, पुण्याच्या, वऱ्हाडातल्या बाया भेटतील. कुणाचा वेग जुळतो, कोण दिवसभर फोनवर असते, सगळं कळतं. जुळलं तर चाला, नाही जुळलं तर तिसऱ्या मुक्कामी नर्मदे हर म्हणून वेगळं व्हा, कुणी मनाला लावून घेत नाही. आश्रमात गेलात की विचारतील, ‘कितनी मूर्ती?’ तिथे माणसं मूर्तीत मोजतात. ‘एक मूर्ती’ एवढंच सांगायचं. सुरुवातीला ते सांगताना आवाज बारीक होतो. घरी दोन-चारदा मोठ्याने म्हणून बघा. आणि हो, बाईंवरून तुम्ही आता माताराम होणार. सगळे त्याच नावाने हाक मारतात.

राहिला मुलगा. त्याची माया मला कळते, पण त्याची गाडी या टोकाला नको. गाडी आली की डिकी आली, आणि डिकी आली की सून लाडूंचा डबा, जादा चादर, बामच्या तीन बाटल्या, सगळं भरणार. घाटावर ते परत पाठवताना तुमचा जीव कासावीस होणार. शिवाय निरोप द्यायला माणसं घाटापर्यंत आली की संकल्पाच्या वेळी लक्ष कुपीत राहत नाही, मागे कोण रडतंय तिकडे जातं. रेल्वेत तेवढंच चढतं जेवढं आपल्याला उचलता येतं. पाच-सहा किलोंच्या वर पिशवी जाऊ देऊ नका. परीक्षा सोपी आहे : परभणी स्टेशनचा जिना पिशवी पाठीवर घेऊन न थांबता चढून उतरून दाखवायचा. धाप लागली तर तिथेच पिशवी उघडून अर्धं सामान मुलाच्या हवाली करायचं.

त्याला काम मात्र द्या, नाहीतर तो रोज सहा फोन करेल. रोज संध्याकाळी मुक्कामावरून एक फोन तुम्ही करायचा, त्याने करायचा नाही. रेंज नसली तर दुसऱ्या दिवशी. शूलपाणीच्या झाडीत, म्हणजे वाटेतल्या जंगलात, आणि समुद्राजवळ विमलेश्वरला पलीकडच्या तटावर नेणाऱ्या नावेसाठी भरतीची वाट बघताना फोन चुकणारच, हे त्याला आत्ताच सांगून ठेवा. आणि त्याची गाडी परतीला वापरा. अमरकंटकचं वळण घेऊन मंडला मागे पडलं की तुम्हाला दिवसांचा अंदाज येईल. तेव्हा त्याला तारीख कळवा. ओंकारेश्वराला जल चढवायचं, कन्यापूजन करायचं, कढाई (शिऱ्याचा प्रसाद) करायची, म्हणजे रवा, तूप, साखर, मोठं पातेलं आणि घरचे चार हात लागतात. तेव्हा डिकी भरून या म्हणावं, सूनबाईंना घेऊन.

तोवर परभणीच्या त्या जिन्यावर पिशवी त्याच्या हातात देऊ नका. तो मागणारच.