पेन्सिलने इम्प्रेशनिस्ट स्टाइलमध्ये शेतातली माणसं काढता येतात का, रंग तर नाहीत?

येतात ना, बिनधास्त काढा. सगळ्यांना वाटतं इम्प्रेशनिझम, म्हणजे बारकावे सोडून त्या क्षणाचा उजेड पकडायची शैली, म्हणजे फक्त रंग, पण फ्रान्समधला चित्रकार पिसारो बघा, 1874 ते 1886 मधल्या आठही इम्प्रेशनिस्ट प्रदर्शनांत चित्रं ठेवणारा तो एकटाच, आणि त्याने शेतकरी बायाबापड्यांची कितीतरी ड्रॉइंग्ज केलीयेत.

मुद्दा उजेडाचा आहे. आपल्याकडे नागपूरजवळ काटोल रोडला किंवा उमरेडकडे कापूस वेचणी सुरू असताना जाऊन बसा, सकाळी किंवा चारनंतर, भर दुपारी सावल्याच पडत नाहीत नीट अन ऊन लागते ते वेगळंच. डोळे बारीक करून बघा, मग नाक-डोळे दिसतच नाहीत, फक्त वाकलेली पाठ, कमरेची ओटी आणि खाली सावलीचा डाग दिसतो, तेवढंच काढायचं. 4बी किंवा 6बी, म्हणजे मऊ गडद पेन्सिल, आडवी धरून घासा, टोकदार आउटलाइन नको. पाठीवर ऊन पडलंय तिथे कागद कोराच सोडा आणि मागची तूर गडद करा, माणूस आपोआप उठून येतो. बोटाने घोटत बसू नका, सगळं राखाडी होऊन जाते.

आणखी एक, जमीन सपाट असेल आणि तुम्ही उभे असाल तर तुमच्याएवढ्या उंचीच्या उभ्या माणसांची डोकी क्षितिजाच्या रेषेवरच येतात, जवळचा असो की लांबचा, फक्त पाय वरखाली होतात. नवीन लोकं इथेच फसतात, लांबची माणसं हवेत तरंगून राहिली असं दिसते. वाकलेल्या बायका अर्थात रेषेच्या खाली.

एका माणसाला दोन मिनिटं, बस. हलला तर दुसरा पकडा.