स्वॉफमच्या पाटीवरचा पाटीवाला

प्रश्न असा आलाय की इंग्लंडात नॉरफकमधल्या स्वॉफम गावाच्या शोभेच्या पाटीवर जो 'पेडलर' कोरलाय तो कोण, त्याला मराठीत काय म्हणायचं, आणि हा शब्द पेडलवरून, म्हणजे पायावरून, आलाय का.

पायाचा काहीएक संबंध नाही! पायी फिरतो म्हणून पेडलर, ही व्युत्पत्ती इतक्यांदा ऐकलीय की आता वैताग येतो, आणि आपल्या बातम्यांनी तर ड्रग पेडलर सोडून दुसरा अर्थच ठेवला नाही. नॉरफकच्या बोलीत 'पेड' म्हणजे टोपली. ती घेऊन फिरणारा तो पेडर, त्याचाच पुढे पेडलर झाला. नॉर्विचला बायका अंडी-कोंबड्या टोपल्यांतून आणून विकायच्या त्या बाजाराला पेड-मार्केटच म्हणायचे, आता यात पाय कुठे आला सांगा.

पाटीवरच्या पेडलरची गोष्ट थोडक्यात. जॉन चॅपमन या फेरीवाल्याला स्वप्न पडतं की लंडन ब्रिजवर जा, भलं होईल. तो जातो, तिथला दुकानदार हसून म्हणतो, अरे मलाही स्वप्न पडलं होतं की स्वॉफममधल्या एका फेरीवाल्याच्या बागेत झाडाखाली धन पुरलंय, म्हणून मी गेलो का? हा घरी येऊन खणतो तर हंडा! हीच गोष्ट बगदाद-कैरोची म्हणून फारसी कवी रूमीकडेही आहे, पण चॅपमन नुसता दंतकथेतला नाही, 1462 साली त्या नावाचा माणूस स्वॉफमच्या चर्चचा कारभारी होता आणि चर्चची उत्तरेकडची बाजू त्याच्या पैशातून झाली असं सांगतात. पाटी कोरली हॅरी कार्टर या तिथल्याच शाळामास्तरांनी, नॉरफकमधल्या कितीतरी गावांच्या पाट्या त्यांच्याच हातच्या.

आता मला ज्याचं खरं अप्रूप आहे ते. मराठीत गावाचं नाव लिहितो ती पाटी, आणि कोळीण डोक्यावर घेते तीही पाटीच! म्हणजे स्वॉफमला पाटीवर पाटीवाला आहे. या दोन पाट्यांचा एकमेकींशी संबंध नाही म्हणणारे विद्वान आहेत, मला ते अजिबात पटत नाही. फळी ही लाकडाची पट्टी, टोपली बांबूच्या पट्ट्यांची, मूळ 'पट्ट' एकच असावं, असा आपला माझा अंदाज. आणि 'नुसत्या पाट्या टाकतो' मधल्या पाट्या दुकानावरच्या बोर्डाच्या नव्हेत हो, मातीने भरलेल्या टोपल्यांच्या, एक रिकामी केली की दुसरी.