मालिकेतला गेम मधूनच सुरू करावा का? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गाजलेल्या व्हिडिओ गेम मालिकेचा नवा भाग हाती आला आहे, मागचे भाग खेळलेले नाहीत, तर सुरुवात कुठून करावी, अशी विचारणा अनेक वाचकांनी केली आहे. याला सरसकट उत्तर देणे मला योग्य वाटत नाही. आधीचे काय काय तुमच्या लक्षात असेल, असे नवा भाग गृहीत धरतो, यावर सारे अवलंबून असते. म्हणून प्रत्येक मालिकेचा वेगळा विचार केला आहे.

प्रश्न : सवलतीत ‘द विचर ३’ घेतला. आधीचे दोन भाग न खेळता कथा समजेल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : निःशंकपणे तिसऱ्या भागापासून सुरुवात करा. मुळात ही मालिकाच कथेच्या मध्यावर सुरू झालेली आहे. पोलिश लेखक आंद्रजेय सापकोव्स्की यांच्या कादंबऱ्या जिथे थांबतात, त्यापुढची कथा हे गेम सांगतात, आणि २००७ च्या पहिल्या भागात नायक गेराल्ट या राक्षसांच्या शिकाऱ्याची स्मृती गेल्याचे दाखवून सीडी प्रोजेक्ट रेड या कंपनीने कादंबऱ्या वाचलेल्या आणि न वाचलेल्या खेळाडूंना एकाच पातळीवर आणले. २०१५ च्या तिसऱ्या भागाचा गाभा म्हणजे गेराल्टची मानलेली मुलगी सिरी हिचा शोध. ही सिरी पहिल्या दोन भागांत प्रत्यक्ष येतच नाही, आणि गेराल्टची प्रेयसी येनेफर दुसऱ्या भागात केवळ आठवणींमधून दिसते. तेव्हा जुन्या खेळाडूंनाही या दोघी गेममध्ये खऱ्या अर्थाने प्रथम भेटतात त्या तिसऱ्याच भागात.

मागून चालत आलेले आहे ते दुसऱ्या भागातले राजकारण. नवा गेम सुरू करताना त्या भागातील निर्णयांविषयी एक पर्याय समोर येतो. तो चालू ठेवला, तर विझिमाच्या राजवाड्यात गेराल्टची दाढी चालू असताना मोर्व्हरान वूरहिस हा सेनापती समोर बसून जुन्या घटनांची चौकशी करतो. नावे अनोळखी असल्याने नवा खेळाडू इथे गांगरतो. माझा सल्ला असा की पर्याय चालू ठेवावा आणि दुसऱ्या भागातला राजांचा मारेकरी लेथो याला जिवंत सोडल्याचे सांगावे, कारण तो पुढे भेटणार की नाही हे याच उत्तरावर ठरते आणि त्याची उपकथा चुकवू नये अशी आहे. नवे नाव कानावर आले की मेन्यूतील पात्रसूची उघडावी. डँडेलियन या कवीच्या शब्दांत लिहिलेल्या त्या नोंदी थोडक्यात बरेच सांगून जातात. पुढे मागे वळावेसे वाटले, तर २०११ चा दुसरा भाग जरूर खेळा. पहिल्या भागात नेमक्या क्षणी क्लिक करून तलवार चालवावी लागते आणि तिथे अनेकांचा धीर सुटतो.

प्रश्न : ‘फायनल फँटसी १६’साठी आधीचे पंधरा भाग खेळावे लागतील का? (एक वाचक, पणजी)

उत्तर : एकही नाही. १९८७ पासून निघालेल्या या मालिकेत क्रमांक बदलला की जग, पात्रे आणि कथा नवी असते. चोकोबो पक्ष्यासारख्या काही ओळखीच्या खुणा तेवढ्या पुन्हा पुन्हा भेटतात. अपवाद ‘१०-२’सारख्या उपक्रमांकाच्या भागांचा, कारण ते थेट उत्तरार्ध आहेत. सातव्या भागाचे २०२० पासून येत असलेले नवे रूप मात्र १९९७ च्या मूळ गेमची आठवण गृहीत धरून रचलेले आहे, त्यामुळे तिथे आधी मूळ गेमच खेळावा.

प्रश्न : ‘मास इफेक्ट’ची लेजंडरी एडिशन घेतली, पण पहिला भाग कंटाळवाणा वाटतो. सारांश वाचून थेट तिसरा सुरू करू का? (एक विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : कृपया करू नका. २००७, २०१० आणि २०१२ चे हे तीन भाग मिळून एकच कथा होते आणि तुमची सेव्ह फाइल, म्हणजेच तुमचे निर्णय, एका भागातून पुढच्या भागात जातात. पहिल्या भागात वर्मायर ग्रहाच्या किनाऱ्यावर रेक्स हा क्रोगन या परग्रहवासी जमातीतला तुमचाच सहकारी तुमच्यावर बंदूक रोखतो, कारण जो तळ तुम्ही उद्ध्वस्त करायला निघाला आहात, तिथे त्याच्या वांझ होत चाललेल्या जमातीसाठी उपाय सापडला आहे. त्याची समजूत निघाली तर तो वाचतो, नाही तर तिथेच मरतो. तिसऱ्या भागात क्रोगन जमातीच्या भवितव्याचा निर्णय तुमच्या हाती येतो, तेव्हा त्यांच्या बाजूने बोलायला कोण उभे असेल, हे त्या किनाऱ्यावर ठरलेले असते. थेट तिसरा भाग उघडला, तर तो प्रसंग तुम्ही स्वतः खेळलेलाच नसतो. सारांशातून घटना कळेल; पण जहाजाच्या खालच्या मजल्यावर जाऊन रेक्सशी वारंवार बोललेल्या खेळाडूला त्या क्षणी जे वाटते, ते वाटणार नाही.

कंटाळा टाळायचा असेल, तर पहिल्या भागात माको गाडीने ओसाड ग्रह पालथे घालणे सोडून द्या आणि मुख्य मोहिमांपुरतेच राहा. रेक्सच्या घराण्याचे चिलखत शोधून देण्याची छोटी मोहीम मात्र करा. वर्मायरवर तिचा उपयोग होतो.

प्रश्न : २०१८ चा ‘गॉड ऑफ वॉर’ सुरू करण्यापूर्वी ग्रीक भागांचे सारांशाचे व्हिडिओ पाहावेत का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : माझ्या मते पाहू नयेत. नायक क्रेटॉसने आधीच्या भागांत ग्रीसमध्ये काय केले, हे त्याचा मुलगा अट्रेयस याला ठाऊक नाही आणि बाप ते सांगायला धजत नाही. हा अबोला हाच या गेमचा प्राण आहे. २००५ पासूनचे भाग खेळलेला माणूस बापाच्या बाजूने हे सारे पाहतो, तर नवखा मुलाच्या बाजूने, आणि दुसरी बाजू पहिलीइतकीच समृद्ध आहे. सारांश पाहून आलात, तर दोन्हींपैकी कोणतीच पुरती मिळत नाही. २०२२ चा ‘रॅग्नारॉक’ मात्र २०१८ चा भाग खेळल्याशिवाय हाती घेऊ नये. त्याच्या मेन्यूत मागच्या कथेची उजळणी आहे, पण ती विसरलेल्यांच्या सोयीची आहे.

प्रश्न : ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ आधी की पहिला भाग? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : दुसरा आधी. २०१८ मध्ये आलेल्या या भागाची कथा १८९९ मध्ये घडते आणि २०१० च्या पहिल्या भागाची १९११ मध्ये. दुसऱ्या भागाचा नायक आर्थर मॉर्गन याचा पहिल्या भागात उल्लेखही नाही, त्यामुळे त्याचे पुढे काय होते हे कुठून फुटण्याची भीती नाही. शिवाय दुसऱ्या भागात आर्थरच्या गुन्हेगारी टोळीतला जॉन मार्स्टन बायको-मुलाची जबाबदारी टाळताना दिसतो, आणि पहिल्या भागात तोच जॉन त्या दोघांसाठी जीव पणाला लावतो. हा बदल या क्रमाने पाहिला तर अधिक भिडतो. अडचण एकच : दुसऱ्या भागातील बारकाव्यांची सवय झाल्यावर पहिला भाग सुरुवातीला उघडाबोडका वाटतो. मेक्सिकोत पोहोचेपर्यंत धीर धरा. २०२४ पासून तो पीसीवरही मिळतो.