महाधमनीची झडप बदलल्यानंतर हृदयाचे आधी झालेले नुकसान भरून निघते का?

आपण विचारले आहे की, वडिलांचे वय ५६, महाधमनीची झडप फारच अरुंद झाल्यामुळे तीन महिन्यांपूर्वी ती काढून यांत्रिक झडप बसवली, शस्त्रक्रियेपूर्वी इजेक्शन फ्रॅक्शन (हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्यातले किती टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर पडते तो आकडा) ३५ टक्के होते ते आता ४० आहे, तरीही शेतापर्यंत चालत गेले की दम लागतो. आणि ‘स्नायूचे नुकसान आधीच झाले होते’ असे डॉक्टर म्हणाल्यापासून ऑपरेशन वाया गेले, अशी घरच्यांची समजूत झाली आहे. मी डॉक्टर नाही. यवतमाळ जिल्ह्यात कापूस आणि तूर पिकवतो, आणि २०१७ मध्ये नागपूरला माझीही हीच झडप बदलली. तेव्हा माझा आकडाही ३५च होता. तीन महिन्यांनी तो ४२ आणि वर्षाने ५० झाला. माझा हृदयविकार आपल्या वडिलांच्या विकारासारखाच असेल असे नाही, पण तीन महिन्यांच्या इकोवरून, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीवरून, निकाल लावण्याची घाई करू नये, एवढे मात्र मी ठामपणे सांगेन.

फवारणी पंपाच्या नोझलमध्ये कचरा अडकला की दांडा मारणाऱ्या हातावर जो ताण येतो, तोच ताण अरुंद झडपेमुळे हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्यावर वर्षानुवर्षे येत असतो. निरोगी झडप उघडली की साधारण ३ ते ४ चौरस सेंटीमीटर वाट मिळते. ती १ पेक्षा कमी झाली की आजार गंभीर समजतात. ताण पेलण्यासाठी कप्प्याची भिंत जाड होत जाते, जाड भिंतीच्या आतल्या थराला रक्त अपुरे पडते, काही पेशी मरतात आणि त्यांच्या जागी व्रणासारखे तंतू तयार होतात. नवी झडप बसताच ताण त्याच दिवशी उतरतो, पण जाडी हळूहळू उतरते. तिचा बराच भाग पहिल्या वर्षात कमी होतो आणि पुढेही थोडाथोडा होत राहतो. केवळ ताणामुळे दमलेला स्नायू पुन्हा जोर धरतो, मात्र जिथे पेशी मरून व्रण झाला आहे तो भाग परत येत नाही. डॉक्टर ज्याला नुकसान म्हणाले त्यात या दोन्ही गोष्टी असू शकतात, आणि त्यांतली कोणती किती, हे एका इकोवरून सांगणे अवघड असते.

दम लागण्याचे एक कारण त्या टक्केवारीत दिसतच नाही. जाड भिंत आकुंचन पावताना सुधारली तरी सैल पडताना बराच काळ ताठर राहते, कप्पा सहज भरत नाही, आणि चालताना दाब मागे फुप्फुसांकडे जातो. त्याशिवाय शस्त्रक्रियेनंतर कमी राहिलेले हिमोग्लोबिन, अनियमित ठोके, छातीत साचलेले पाणी ही कारणे डॉक्टरांकडून तपासून घ्यावीत, कारण त्यांवर उपाय आहेत. दम अचानक वाढला, किंवा रात्री आडवे पडवेना, तर मात्र सकाळची वाट पाहू नये. यांत्रिक झडपेवर गुठळी बसली तरी असेच होते.

माझी स्वतःची चूकही सांगतो. शेजारपाजारच्यांच्या सल्ल्याने मी दोन महिने खाटेवरच काढले, पायांतले बळ गेले, आणि मग त्या थकव्याचा दोषही हृदयाच्या माथी मारला. छातीचे हाड साधारण सहा ते आठ आठवड्यांत सांधते. जड उचलण्याची मनाई मला तीन महिने होती. १६ लिटरचा पंप भरला की तो २० किलोच्या आसपास जातो, म्हणून फवारणी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. पण रोज ठरावीक अंतर सपाटीवर चालणे आणि ते आठवड्याआठवड्याने वाढवणे हाही उपचारच आहे. हृदयाचा जोर वाढवण्यासाठी दिलेल्या गोळ्या बरे वाटू लागले म्हणून बंद करू नयेत. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५च्या घरात जातो, तेव्हा लघवी वाढवणाऱ्या गोळीने चक्कर येऊ शकते. तिचे प्रमाण उन्हाळ्याआधीच विचारून घ्यावे. सकाळी उठल्यावर रोज वजन करावे. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले तर ते अंगात साचलेले पाणी समजावे आणि डॉक्टरांना कळवावे.

रक्त पातळ करणाऱ्या गोळीबाबत गावात जास्त जपावे लागते. शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या वर्षी कंबर धरली म्हणून मी एका डॉक्टरांकडे गेलो, झडपेचे सांगायचे राहून गेले, आणि त्यांनी कमरेत वेदनाशामक इंजेक्शन दिले. संध्याकाळपर्यंत तिथे तळहाताएवढी काळीनिळी गाठ आली होती आणि पुढचे पंधरा दिवस मी एका कुशीवर झोपलो. तेव्हापासून झडपेचे कार्ड खिशातून काढून आधी टेबलावर ठेवतो. आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा तपासणीचा आकडा) साधारणतः २ ते ३ मध्ये ठेवतात, मात्र हृदय कमजोर असल्यास डॉक्टर तो थोडा वरही ठेवतात. पावसाळ्यात तरोटा आणि अंबाडी एकदम भरपूर खाल्ली तर गोळीचा असर कमी होऊ शकतो; पालेभाजी सोडू नये, तिचे प्रमाण वर्षभर सारखे ठेवावे. नव्या झडपेला जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून दात काढण्यापूर्वी प्रतिजैविक घ्यावे लागते, आणि ताप दोन-तीन दिवस टिकला तर प्रतिजैविक सुरू करण्याआधी रक्ताचे कल्चर (रक्तात जंतू आहेत का ते पाहणारी तपासणी) करण्याचा आग्रह धरावा.

माझी झडप तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने विकसित केलेली आहे. तिची पहिली शस्त्रक्रिया १९९० मध्ये झाली. रात्री लाईन गेली आणि पंखा थांबला की तिची टिकटिक खाटेच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्यालाही ऐकू येते. वडिलांना तो आवाज अस्वस्थ करत असेल तर तो झडप चालू असल्याचा आहे, हे त्यांना सांगावे. उलट तो अचानक मंद झाला किंवा ऐकू येईनासा झाला, तर लगेच दवाखाना गाठावा.

पुढच्या इकोला जाताना शस्त्रक्रियेपूर्वीचा अहवालही सोबत न्यावा आणि टक्केवारीच्या जोडीने भिंतीची जाडी किती उतरली, कप्प्याचा आकार किती कमी झाला आणि नव्या झडपेवरचा दाबातला फरक किती आहे, हे तिन्ही विचारावे.