एम.टेक.च्या प्रबंधातील संशोधन पद्धतीचे प्रकरण आधी लिहावे की प्रयोग झाल्यावर?

प्रयोग उरकून घ्यावेत आणि पद्धतीचे प्रकरण शेवटी लिहून जोडावे, असे आपल्या वर्गमित्रांचे म्हणणे असल्याचे आपण लिहिले आहे. मी मुंबईतच स्थापत्य अभियांत्रिकीत एम.टेक. करताना नेमके तेच केले, म्हणून हे प्रकरण आधी लिहावे असे आग्रहाने सांगतो.

नैसर्गिक वाळूऐवजी क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) वापरल्यास काँक्रीटच्या दाबसामर्थ्यावर, म्हणजे दाब सहन करण्याच्या क्षमतेवर, काय परिणाम होतो, हा माझा विषय होता. नैसर्गिक वाळूचे १५० मिलिमीटरचे क्यूब (चाचणीसाठीचे काँक्रीटचे ठोकळे) मी मे महिन्यात ओतले आणि क्रश सँडचे जुलैत, जेव्हा उघड्या शेडमधला ढीग भिजलेला होता. वीस किलो वाळूत पाच टक्के ओल असली, तर साधारण पाच लिटर मोजून घातलेल्या पाण्यात जवळजवळ एक लिटर न मोजता मिसळते आणि पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.५ वरून ०.६ च्या घरात जाते. हे गुणोत्तर वाढले की सामर्थ्य घटते; तरी सामर्थ्य घटले ते क्रश सँडमुळे, असे मी बेधडक लिहून टाकले. दोन्ही खेपांत पाणी सारखेच होते कशावरून, एवढेच गाईडनी विचारले, आणि माझ्या वहीत ओलाव्याची एकही नोंद नव्हती. क्यूब पुन्हा ओतले आणि पुन्हा २८ दिवस क्युरिंग केले, म्हणजे ते ओले ठेवले.

पद्धत आधी लिहिताना कोणता घटक बदलायचा, कोणते स्थिर ठेवायचे आणि ते स्थिर राहिले हे कशाने मोजायचे, यांची उत्तरे कागदावर द्यावीच लागतात. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकानुसार तीन क्यूबची सरासरी धरतात आणि एखादा क्यूब तिच्यापासून १५ टक्क्यांहून अधिक दूर जाऊ नये अशी अट आहे. तसा गेल्यास काय करायचे, हे आकडे हाती येण्यापूर्वीच ठरवावे, कारण नंतर नकोसा क्यूब वगळण्याचा मोह आवरत नाही. (मला आवरला नव्हता.) दोन्ही प्रकारच्या वाळूचे क्यूब एकाच दिवशी, चिठ्ठ्या टाकून ठरवलेल्या क्रमाने ओतावेत.

आपला विषय संगणक प्रणाली उभारण्याचा असेल, तर पेफर्स या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मांडलेला, अशा संशोधनाचा सहा टप्प्यांचा आराखडा उपयोगी पडेल. त्यात प्रणालीची उद्दिष्टे रचनेच्या आधी ठरतात.

लिहिलेल्या पानांवर तारीख घालून गाईडची सही घ्यावी. पुढे काही बदलावे लागले, तर जुने खोडू नये. बदल आणि त्याचे कारण तारखेसह शेजारी लिहावे.