नव्याने शेती शिकवणाऱ्या सरांना

सर, पावसाळा लागला की फळा सोडा. मुलांकडून आंब्याच्या कोयी गोळा करून वाफ्यात रुजवा आणि जुलै-ऑगस्टमध्ये कोय कलमं, म्हणजे कोयीच्या कोवळ्या रोपावर चांगल्या आंब्याची काडी जोडून केलेली कलमं, त्यांच्याच हातांनी बांधून घ्या. रोप १०-१५ दिवसांचं, पानं तांबूस असतानाच. काडी त्याच जाडीची, ३-४ महिन्यांची. चाकू धारदारच द्या, बोथट चाकू घसरून बोट कापतो. बरीच कलमं मरतील. का मेली ते मुलांनाच शोधू द्या, माझ्या मते शिकणं खरं तिथेच होतं.

भातलावणीत हजेरी घटते, रागावू नका. तरवा, म्हणजे लावणीची भाताची रोपं, काढून आलेल्या मुलीलाच वर्गापुढे बोलतं करा. इतर वेळी गप्प बसणारी ती मुलगी तेव्हा थांबत नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठात एकदा न्याच, मात्र कलमं बांधून झाल्यावर, म्हणजे मुलं नेमके प्रश्न विचारतात.