‘येस’ या ब्रिटिश रॉक बँडचे चाहते पन्नास वर्षांनंतरही त्यांच्या लाइव्ह कार्यक्रमांवर इतका जीव का टाकतात? नवख्याने काय ऐकावं?

येसचं संगीत बसवलेलं असतं. मैफलीतल्यासारखी बढत त्यात फारशी नाही. तरी तेच गाणं दर कार्यक्रमात पणाला लागतं, आणि ते नेमकं कुठे घसरू शकतं हे चाहत्यांना पाठ असतं. त्या जागेची वाट पाहण्यातच निम्मी मजा आहे.

१९७२चं ‘क्लोज टू द एज’ हे गाणं घ्या. साडेअठरा मिनिटांहून मोठं. आधी पाणी आणि पाखरं, मग गिटार, बेस, ड्रम एकमेकांच्या अंगावर धावून गेल्यासारखे वाजतात आणि मध्येच कचकन थांबतात. तिथे गायक जॉन अँडरसन, बेसवाला ख्रिस स्क्वायर आणि गिटारवाला स्टीव्ह हाउ यांचे गळे एकदम लागतात, की पुन्हा गोंगाट. तिघांपैकी दोघांचे हात क्षणापूर्वीपर्यंत अवघड वाजवण्यात गुंतलेले असतात. एकजण जरा पुढे सरकला तरी थांबा फाटतो. लाइव्ह रेकॉर्डिंग ऐकताना पहिली तीन मिनिटं कान तिथेच ठेवा.

त्यात याच नावाचा अल्बम झाल्यावर ड्रमर बिल ब्रूफर्ड किंग क्रिमसन या दुसऱ्या बँडमध्ये गेला. त्याच्या जागी आलेल्या अॅलन व्हाइटला सगळा कार्यक्रम बसवायला जेमतेम तीन दिवस मिळाले. ३० जुलै १९७२ला डॅलसमध्ये तो थेट स्टेजवर. १९७३च्या ‘येससाँग्ज’ या तीन रेकॉर्डांच्या लाइव्ह अल्बमवर बहुतेक ठिकाणी तोच आहे, पण ‘पर्पेच्युअल चेंज’ या गाण्यावर ब्रूफर्ड. ब्रूफर्डचा स्नेअर ड्रम कोरडा, टणटणीत. व्हाइटचा हात जड. दोघं एकाच अल्बमवर सापडतात, तेव्हा दोघांत सरस कोण हा वाद स्वतःच्या कानांनी सोडवा.

कीबोर्डवाला रिक वेकमन याचं मेलोट्रॉन, म्हणजे टेपवर चालणारा कीबोर्ड, हे वेगळंच दुखणं. प्रत्येक पट्टीखाली टेपचा एक तुकडा, साधारण आठ सेकंदांचा. तो संपला की आवाज बंद. बोट उचललं की स्प्रिंग टेप मागे खेचते. त्यामुळे लांब स्वर धरायचा तर बोटं एकेक करून उचलून पुन्हा ठेवावी लागतात. एकदम खूप पट्ट्या दाबल्या तर मोटरवर ताण येऊन सूर खाली बसतो. त्या काळच्या लाइव्ह रेकॉर्डिंगमध्ये व्हायोलिनांचा ताफा किंचित डगमगल्यासारखा वाटला तर हेडफोनला दोष देऊ नका.

‘टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स’च्या दौऱ्यात याच वेकमनने मँचेस्टरच्या स्टेजवर कीबोर्डमागे बसून करी खाल्ली, असं तो स्वतःच सांगतो. चार रेकॉर्ड-बाजूंवर चार गाण्यांचा तो अल्बम त्याला झेपला नव्हता. चाहत्यांत त्यावर अजून दोन तट आहेत, आणि माझं मत विचाराल तर करीवाल्याची बाजू अगदीच चूक नव्हती.

सुरुवात ‘येससाँग्ज’पासून करा. स्ट्राविन्स्कीच्या ‘फायरबर्ड’चा तुकडा वाजतो आणि त्यातूनच बँड ‘सायबेरियन खात्रू’ या गाण्यात उडी घेतो. आवाज जरा गढूळ आहे. स्वच्छ हवा असेल तर २०१५चा ‘प्रोजेनी’ संच: १९७२च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधले सात कार्यक्रम, १४ सीडी, गाणी जवळजवळ तीच. सगळं एकदम ऐकू नका, कंटाळाल. एकच गाणं निवडून दोन रात्रींचं लागोपाठ ऐका. हाउचे सोलो कुठे वेगळे वळतात ते लगेच कळेल.

आताच्या बँडबद्दल जुने चाहते कुरकुरतात की लय संथ झाली. ऐकलं तर ते खरंच आहे. २०१२पासून जॉन डेव्हिसन गातो; जुन्या फळीतला हाउ तेवढा उरलाय. स्क्वायर जून २०१५मध्ये गेला. त्यानंतरच्या कार्यक्रमांत सुरुवातीला स्टेज रिकामं ठेवून त्याच्या रिकनबॅकर बेसवर प्रकाश टाकत आणि ‘ऑनवर्ड’ या गाण्याचं रेकॉर्डिंग लावत. बँड त्यानंतर यायचा.